‘वाकू नका’ हे आवणीत कसं सांगणार? कंबरदुखीवरचा एक पेपर वाचताना

कंबरदुखी टाळायच्या सवयी आपल्याला पाठ असतात. ताठ बसा, कमरेतून वाकू नका, वजन उचलताना गुडघे वाकवा. दवाखान्याच्या भिंतीवर हेच, व्हॉट्सॲपवरही हेच. आज या सल्ल्याला चाचणीचा किती आधार आहे ते बघू. त्यासाठी निवडलेला पेपर चांगला आहे, आणि म्हणूनच त्याची मर्यादा कुठे येते हे बघणं संशोधनाकडे वळणाऱ्यांच्या कामाचं आहे.

डॅनियल स्टेफन्स आणि सहकाऱ्यांचा हा आढावा 2016 साली ‘जामा इंटर्नल मेडिसिन’मध्ये आला. प्रश्न साधा होता: कंबर दुखूच नये म्हणून काय केलं तर खरंच फरक पडतो? चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून केलेल्या 21 चाचण्या आणि त्यांतली 30,850 माणसं त्यांनी एकत्र मोजली.

उत्तर असं आलं. व्यायाम आणि शिक्षण दोन्ही दिलं तर कंबरदुखीचा धोका 45 टक्क्यांनी कमी. नुसता व्यायाम दिला तर 35 टक्क्यांनी. आणि नुसतं शिक्षण? गुणोत्तर 1.03. इथे 1 म्हणजे ‘काहीच फरक नाही’. थोडक्यात, भिंतीवरचं पोस्टर एकट्याने काही करत नाही. कमरेचे पट्टे आणि बुटातल्या गाद्या यांचाही उपयोग दिसला नाही.

आता 45 टक्के वाचून लगेच खूश होऊ नका. हा सापेक्ष आकडा आहे. समजा, एका वर्षात 100 पैकी 30 जणांची कंबर दुखणार होती, तर आता साधारण 16-17 जणांची दुखेल. फायदा चांगलाच आहे, पण ‘निम्मी माणसं वाचली’ असं त्यातून निघत नाही. वाचली ती 100 मधली 13-14. दुसरं म्हणजे, नुसत्या व्यायामाचा फायदा वर्षानंतर दिसेनासा होतो, गुणोत्तर 1.04 वर येतं. व्यायाम थांबला की फायदा थांबत असावा, असा अर्थ आपण लावू शकतो. पण तो आपण लावलेला अर्थ आहे, पेपरातला आकडा नाही. वाचताना या दोन गोष्टी वेगळ्या वहीत लिहायची सवय लावून घ्या.

‘शिक्षण’ का चालत नाही, याचं एक ठळक उदाहरण 1997 सालचं आहे. अमेरिकेत सुमारे 4000 टपाल कर्मचाऱ्यांवर मोठी चाचणी झाली. अनुभवी फिजिओथेरपिस्टनी वजन कसं उचलायचं, पाठ कशी जपायची हे शिकवलं. कर्मचाऱ्यांचं ज्ञान वाढलं. कमरेच्या दुखापती मात्र कमी झाल्या नाहीत.

मग ‘ताठ बसा’ला आधार कसला? बराचसा मणक्यांमधल्या चकतीवर पडणाऱ्या दाबाच्या मोजमापांचा. स्वीडनच्या नाखेमसन यांनी 1960च्या दशकात अशी मोजमापं केली आणि बसताना दाब उभं राहण्यापेक्षा जास्त असतो असं मांडलं. 1999 मध्ये विल्के आणि सहकाऱ्यांनी चकतीत सेन्सर बसवून पुन्हा मोजलं. उभं राहिल्यावर दाब 0.50 मेगापास्कल, सैल बसल्यावर 0.46, मुद्दाम ताठ बसल्यावर 0.55 आणि खुर्चीत ऐसपैस रेलल्यावर 0.27. म्हणजे आई ज्या बसण्यावरून ओरडते त्यातच दाब सगळ्यात कमी! 20 किलो वजन पाठ वाकवून उचललं तर 2.3 आणि गुडघे वाकवून उचललं तर 1.7.

आकडे मोलाचे आहेत, पण माणसं किती? एक. 45 वर्षांचा एक स्वयंसेवक. आणि मोजला तो दाब, दुखणं नाही. दाब वाढला की दुखणं वाढतं ही मधली पायरी वेगळी सिद्ध करावी लागते. ‘मोजलं काय आणि सांगितलं काय’ यातलं अंतर तपासायला यापेक्षा सोपं उदाहरण मिळणार नाही.

आता हे सगळं घेऊन लोधिवलीला या. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचं खालापूर तालुक्यातलं हे गाव. जवळ पाताळगंगेची कारखानदारी, आणि आजूबाजूला भाताची खाचरं. पावसाळ्यात आवणी सुरू झाली की बायका चिखलात उभ्या राहून कमरेतून वाकलेल्या असतात, तासन्‌तास, ओळीने काही दिवस. पोटरीभर चिखलात ‘गुडघे वाकवून’ रोप कसं लावायचं? 2024 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत 701 जण होते. ज्यांना हळूहळू वाढवत चालायला लावलं, त्यांचं दुखणं परत यायला 208 दिवस लागले. इतरांचं 112 दिवसांत परतलं (दोन्ही मध्यक). छान निकाल. पण मोळी डोक्यावर घेऊन रोज चालणाऱ्या बाईला आपण ‘चाला’ सांगणार का?

माझी मुख्य तक्रार इथे आहे. ‘सवय’ हा शब्द धरला की दुखणं त्या माणसाच्या वागण्यात शोधलं जातं. तुझं बसणं चुकतं, तुझं उचलणं चुकतं. आवणीतलं वाकणं ही सवय नाही, ते काम आहे. उपाय शोधायचा तर कामात शोधावा लागेल.

तसं एक उदाहरण शेजारच्या कर्जत तालुक्यात आहे. नेरळजवळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी ‘सगुणा राईस टेक्निक’ विकसित केलं. त्यात नांगरणी, चिखलणी आणि आवणी नाही. कायमचे गादीवाफे, त्यावर साच्याने खुणा आणि त्या खुणांत बियांची टोकणी. हे तंत्र कंबर वाचवायला काढलेलं नाही. खर्च, मजुरी आणि माती यांसाठी आहे. पण चिखलातलं वाकणंच त्यातून गेलं.

त्यालाही लगेच टाळ्या नकोत. टोकणीलाही वाकावं लागतं. तणासाठी तणनाशक मारावं लागतं, म्हणजे पाठीवर पंप आला. आणि सगळ्यात अवघड प्रश्न: जी बाई दुसऱ्याच्या शेतात आवणीला जाते, तिची कंबर वाचली तरी तेवढ्या दिवसांची मजुरीही गेली. नुसती कंबरदुखी मोजणाऱ्या अभ्यासात हे नुकसान दिसणारच नाही.

विषय शोधत असाल तर हा घ्या. आवणी करणारी आणि टोकणी करणारी घरं निवडा. जूनमध्ये, कामाच्या ऐन दिवसांत आणि दिवाळीनंतर दुखणं विचारा, सोबत मजुरीचे दिवसही विचारा. अडचण आधीच सांगतो: नवं तंत्र शेतकरी स्वतः निवडतो, त्यामुळे दोन गट मुळातच वेगळे असणार. त्याचं काय करायचं, हे प्रस्ताव लिहिण्याआधी ठरवा. आणि पुढचा कुठलाही पेपर उघडलात की निष्कर्षाआधी, सहभागी कोण होते ते सांगणारा तक्ता वाचा. लोधिवलीची बाई त्यात कुठे बसते का, हे तिथेच कळेल.