हसू कुणावर?

जेम्स गिलरे हा अठराव्या शतकातल्या लंडनचा व्यंगचित्रकार. राजा, पंतप्रधान, कुणालाच त्यानं सोडलं नाही. हॅना हम्फ्री या बाईच्या दुकानात त्याची चित्रं विकली जायची. काचेपुढं फुकट्यांची ही गर्दी!

१७९१ साली त्यानं वेस्ट इंडीजमधल्या मळ्यावरचं चित्र काढलं. उसाच्या उकळत्या रसाच्या कढईत मुकादम गुलामाला बुडवतोय. बघणाऱ्याची साखर कडू व्हावी, असं चित्र.

१७९६ मध्ये गुलामांचा व्यापार बंद करायचं बिल पार्लमेंटात ४ मतांनी पडलं. तेव्हा हाच गिलरे काय करतो? बिल मांडणाऱ्या विल्बरफोर्सला काळ्या बायांसोबत चैन करताना दाखवतो. गुलामी टिकली त्याचं काहीच नाही, टिंगल तिच्याविरुद्ध बोलणाऱ्याची. आणि त्या बाया? टिंगलीचं निव्वळ सामान.

१७९७ पासून पिटच्या सरकारकडून त्याला वर्षाला २०० पौंड पेन्शन मिळू लागली. म्हणजे पैसा नंतर आला; नजर त्याआधीच फिरली होती.

दोस्तांनो, राजाला हसला म्हणून कुणी आपला होत नाही. मार खाणारा त्याच्या चित्रात माणूस आहे की नाही, ते आधी बघा. रेषेचं कौतुक मग करू.