दोन ठिपक्यांमधली खाडी : कोकणाचे पर्यटन-नकाशे वाचताना



समीक्षा म्हटली की आपल्यासमोर कादंबरी येते, कवितासंग्रह येतो, फार तर नाटक किंवा सिनेमा. आज आम्ही जे समीक्षेला घेतलं आहे ते तुमच्यापैकी बहुतेकांनी हातात धरलं असेल, पण ‘वाचलं’ असेलच असं नाही. ते म्हणजे पर्यटनाचा नकाशा, आणि त्यातही कोकण किनाऱ्याचा, कारण महाराष्ट्रात दिवाळी-नाताळच्या सुट्टीत सर्वांत जास्त आखणी बहुधा याच नकाशावर बोट ठेवून होते.

नकाशाची समीक्षा कशी करायची? जशी पुस्तकाची करतो तशीच. तो कोणी केला, कोणासाठी केला, काय सांगितलं आणि काय गाळलं, हे विचारायचं. गाळणं हा दोष नाही, हे आधीच स्पष्ट करू. प्रत्येक नकाशा गाळतोच, नाहीतर तो जमिनीएवढाच मोठा होईल. प्रश्न एवढाच की गाळलेलं वाचणाऱ्याच्या गरजेचं होतं का, आणि आपण गाळलं आहे हे तो नकाशा कबूल करतो का.

चित्रमय नकाशापासून सुरुवात करू. हॉटेलाच्या भिंतीवर, माहितीपत्रकात, रस्त्याकडेच्या फलकावर असतो तो. निळा समुद्र, हिरवी जमीन. अलिबागपाशी एक किल्ला, मुरूडपाशी जंजिरा, दिवेआगरला माड, हरिहरेश्वरला देऊळ, हर्णैला होड्या, गुहागरला पुन्हा माड, गणपतीपुळ्याला पुन्हा देऊळ. या सगळ्यांना जोडणारी एक लाल रेघ. बघायला प्रसन्न वाटतं, आणि खरं सांगायचं तर त्याचं मुख्य काम तेच आहे. तो बोलावणारा नकाशा आहे, ‘या’ म्हणणारा. ते काम तो चांगलं करतो, याचं श्रेय त्याला द्यायला हवं.

पण त्यावर तीन गोष्टी शोधा. प्रमाण आहे का? म्हणजे किती सेंटिमीटरला किती किलोमीटर? उत्तर दिशेचा बाण आहे का? आणि नकाशा कोणत्या वर्षी केला ते लिहिलंय का? बहुतेक वेळा तिन्ही नसतं. प्रमाण नसलेल्या नकाशावर बोटांनी अंतर मोजणं म्हणजे आकडे नसलेल्या घड्याळात वेळ बघण्यासारखं आहे. तरी आपण मोजतो. ‘दापोली ते गुहागर ना, हे काय शेजारीच, सकाळी निघू, जेवायला पोचू.’

आता हेच उदाहरण धरू. दापोली ते गुहागर सरळ रेषेत अंतर तीस-बत्तीस किलोमीटर. पण मध्ये वाशिष्ठीची खाडी आहे. दाभोळच्या धक्क्यावर उभं राहिलं तर पलीकडचं धोपावे डोळ्यांना दिसतं. तिथे गाड्या घेऊन जाणारी फेरीबोट आहे. बोट मिळाली तर हा प्रवास सुखाचा. बोट चुकली, संध्याकाळी बंद झाली किंवा हवामानामुळे सुटलीच नाही, तर खेड आणि चिपळूणवरून वळसा. तो शंभर किलोमीटरच्या घरात जातो. म्हणजे एका प्रवासाची दोन अंतरं आहेत आणि त्यांत तिपटीचा फरक आहे. लाल रेघ यातलं काहीच सांगत नाही. ती खाडीवरून तशीच पुढे सरकते, जणू तिथे पाणीच नाही.

हा अपवाद नाही, सगळ्या किनाऱ्याची रचनाच अशी आहे. उत्तरेकडून खाली या. आगरदांडा आणि दिघी यांच्यामध्ये राजपुरीची खाडी. बागमांडले आणि वेसवी यांच्यामध्ये सावित्रीची, म्हणजे बाणकोटची खाडी. दाभोळ-धोपावे आपण पाहिलंच. त्याखाली तवसाळ आणि जयगड यांच्यामध्ये शास्त्री नदीचं मुख. सह्याद्रीतून येणारी प्रत्येक मोठी नदी किनारा असा कापते. दोन खाड्यांच्या मधे जांभ्याचे सडे. त्यामुळे किनाऱ्याचा रस्ता कधी सड्यावर चढतो, कधी बंदरावर उतरतो, आणि वळणं संपत नाहीत. रेवस ते रेड्डी अशा सागरी महामार्गाची चर्चा कित्येक वर्षं चालली आहे, त्याचं कारणही हेच. रस्ता अवघड नाही, खाड्या अवघड आहेत.

चित्रमय नकाशाचा दुसरा दोष याहून सूक्ष्म आहे. पर्यटनाची माहिती जिल्ह्यावार छापली जाते, म्हणून नकाशेही जिल्ह्यावार. आता सावित्रीची खाडी ही रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांची हद्द आहे. रायगडचा नकाशा हरिहरेश्वरला संपतो आणि रत्नागिरीचा बाणकोटला सुरू होतो. ज्या जागी प्रवाशाला नकाशाची खरी गरज, तिथेच कागदाची कड येते. कोकणातल्या माणसासाठी ती खाडी म्हणजे रोजची तर: बाजार, शाळा, सोयरीक, सगळं पाण्यावरून. छापलेल्या कागदावर मात्र तिथे जग संपतं.

नावांचा घोळ वेगळाच. मुरूड दोन आहेत: एक जंजिऱ्याचं, रायगडातलं, दुसरं हर्णैजवळचं, दापोली तालुक्यातलं. वेळासही दोन: एक श्रीवर्धन तालुक्यात, दुसरं मंडणगड तालुक्यात बाणकोटजवळ, नाना फडणवीसांचं गाव म्हणून आणि कासवांसाठी ओळखलं जाणारं. या जोड्यांच्या मधे खाडी आहे हे विसरू नका. राहण्याची खोली चुकीच्या मुरूडला घेतली, तर ती चूक पाच मिनिटांत निस्तरत नाही. म्हणून गावाचं नाव लिहिताना तालुका लिहायचा, ही जुन्या पोस्टाच्या पत्त्याची सवय आखणीतही ठेवावी.

आता दुसरा नकाशा. सर्व्हे ऑफ इंडियाचं टोपोशीट. १७६७ मध्ये सुरू झालेलं हे खातं. त्याचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा म्हणजे दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर. यात पाणी निळं, झाडी हिरवी, शेती पिवळी, रस्ते आणि वस्ती लाल, आणि उंची दाखवणाऱ्या समोच्च रेषा तपकिरी. या रेषा जवळजवळ आल्या की चढ उभा, लांब लांब गेल्या की जमीन सपाट. एवढं एक वाक्य समजलं तरी सडा कुठे, उतार कुठे, बंदर किती खाली, हे घरी बसून कळतं. सर्वेक्षण कोणत्या वर्षी झालं तेही कडेला लिहिलेलं असतं. आपल्या माहितीचं वय सांगणारा नकाशा हा प्रामाणिक नकाशा.

मग हा नकाशा पर्यटकाच्या हाती का नव्हता? कारण किनारपट्टी आणि सीमाभागाचे तपशीलवार नकाशे संरक्षणाच्या कारणानं अनेक दशकं सर्वसामान्यांना सहज मिळत नव्हते. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानं लोकांसाठी वेगळी खुली मालिका आणली, आणि २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी बरीच बंधनं सैल केली. पण तोवर आपल्या दोन-तीन पिढ्या फक्त चित्रं बघून फिरल्या. शाळेत भूगोलाच्या पेपरात समोच्च रेषा काढल्या, गुण मिळाले, आणि त्या रेषा पुढे आयुष्यात कुठे भेटल्याच नाहीत. तुटलेला दुवा हा आहे. नकाशे वाचण्याची अक्कल आपल्यात नाही असं कोणी म्हणू नये. वाचायला नकाशेच दिले नाहीत.

प्रमाणाचं महत्त्व किती, याचं एक ठळक उदाहरण देतो. भारताच्या किनाऱ्याची लांबी आपण शाळेत सुमारे ७,५१६ किलोमीटर अशी पाठ केली. अलीकडे ती नव्यानं मोजली गेली आणि आकडा ११,०९८ किलोमीटर आला. समुद्र वाढला का? नाही. आधीचं मोजमाप लहान प्रमाणाच्या नकाशावरचं होतं, नवीन मोजमाप बरंच बारकाईचं. मुख्य फरक पडला तो खाड्या, वळणं, खोबणी मोजल्या गेल्यामुळे. ढोबळ नकाशात जे सरळ दिसतं ते जवळ गेल्यावर वाकडं निघतं. सहलीचंही तसंच होतं, आणि तो जादा वाकडेपणा आपल्या वेळेतून वजा होतो.

तिसरा नकाशा तुमच्या खिशात आहे. फोनवरचा. त्याची निंदा करण्याची एक फॅशन आहे, आम्ही ती करणार नाही. रस्ता बंद आहे का, गर्दी किती, वाटेत पेट्रोल कुठे, हे तो सांगतो, आणि बऱ्याचदा बरोबर सांगतो. आमचा आक्षेप वेगळा आहे. तो नकाशा तुम्हाला मध्यभागी ठेवतो. निळा ठिपका म्हणजे तुम्ही, आणि जग म्हणजे तुमच्या पुढचं वळण. ‘दोनशे मीटरनंतर डावीकडे.’ या पद्धतीनं माणूस पोचतो, पण कुठून कुठे आला हे त्याला सांगता येत नाही. खाडी उजवीकडे होती की डावीकडे, आठवत नाही. मग सड्यावर नेटवर्क गेलं की तो पूर्ण आंधळा होतो. शिवाय फोन ‘चार तास’ म्हणतो तेव्हा धक्क्यावरची रांग, शेवटची बोट आणि सुट्टीच्या दिवशी वाडीतल्या अरुंद रस्त्यावर समोरासमोर आलेल्या दोन गाड्या, हे त्या चार तासांत असेलच याची खात्री नाही.

आणि आता ती गोष्ट जी या तिन्हींपैकी कोणताही नकाशा नीट दाखवत नाही. वेळ. समुद्राची वेळ.

अलिबागचा कुलाबा किल्ला बेट आहे की नाही? ओहोटीला चालत जाता येतं, भरतीला होडी लागते. म्हणजे उत्तर घड्याळावर अवलंबून. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा समुद्रालगतच्या खडकांवरून आहे, ती ओहोटीलाच करायची असते. नकाशावर मात्र ती चोवीस तास उघडी असलेली वाट दिसते. सुट्ट्यांच्या हंगामात किनाऱ्यावर बुडण्याच्या, पुळणीवर नेलेली गाडी भरतीत अडकल्याच्या बातम्या आपण वाचतो आणि ‘लोक बेजबाबदार’ म्हणून सोडून देतो. काही असतीलही. पण ज्या माणसानं आयुष्यभर घाटावर काढलं, त्याला पाण्याचं वेळापत्रक कोणी आणि कधी दाखवलं?

गंमत अशी की ते वेळापत्रक तुमच्या भिंतीवर टांगलेलं आहे. कालनिर्णय असो की दुसरं कुठलं कॅलेंडर, त्यात तिथी असते. आपल्या किनाऱ्यावर जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची ठोकळ वेळ मिळते. पंचमी असेल तर पाचाचे पाऊणपट पावणेचार. म्हणजे पावणेचारच्या सुमारास भरती आणि तिच्या सहाएक तास आधी, सकाळी पावणेदहाच्या आसपास, ओहोटी. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा. ओहोटी दुपारी बाराला. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या अलीकडे-पलीकडे आणि पाणीही जास्त चढतं-उतरतं, ते उधाण. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती, तेव्हा पाणी फार चढत नाही, पण फार उतरतही नाही. म्हणून अष्टमीच्या ओहोटीला कुलाब्याची वाट पूर्ण कोरडी मिळेलच असं समजू नये. हा हिशोब आखणीसाठी आहे, जिवाच्या हमीसाठी नाही. प्रत्यक्ष पाण्यात पाय घालण्याआधी भरती-ओहोटीचा तक्ता बघायचा आणि किनाऱ्यावरच्या कोळ्याला विचारायचं. तो ‘आत्ता नको’ म्हणाला की विषय संपला.

आता आमचं म्हणणं एका ठिकाणी आणतो. पर्यटनाचा नकाशा कोकणाला ठिपक्यांची माळ समजतो, म्हणून आपणही ठिपके मोजतो. तीन दिवसांत अलिबाग ते गणपतीपुळे, नऊ ठिकाणं. प्रत्यक्षात नऊ ठिकाणं गाडीच्या काचेतून दिसतात आणि संध्याकाळी सगळे चिडलेले असतात. आमच्या मते कोकणात आखणीचं एकक गाव नाही, दोन मोठ्या खाड्यांमधला पट्टा हे आहे. सावित्री आणि वाशिष्ठी यांच्यामधला पट्टा घ्या: बाणकोट, वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णै, मुरूड, दाभोळ. मधे भारजा आणि जोग या लहान नद्यांच्या खाड्या आहेत, त्याही नीट बघाव्या लागतील. एवढ्यात तीन दिवस कसे जातात कळत नाही, आणि एकही मोठी खाडी घाईत ओलांडावी लागत नाही.

करून बघायचं असेल तर कृती सोपी आहे. कोरा कागद घ्या. त्यावर आधी गावं काढू नका, आधी खाड्या काढा. मग खाडीवर पूल आहे की बोट, ते लिहा. बोट असेल तर शेवटची किती वाजता, हे निघायच्या आदल्या दिवशी फोन करून विचारा. प्रत्येक दिवसापुढे तिथी मांडा. मग सडे आणि चढउतार टोपोशीटवरून बघा. आणि सगळ्यात शेवटी गावं भरा. चित्रमय नकाशाला जवळ ठेवा, तो उत्साहासाठी लागतोच. फोनही ठेवा, तो वळणासाठी लागतो.

पर्यटन विभागांकडे आणि नकाशे छापणाऱ्यांकडे आमची मागणीही छोटी आहे. प्रमाण छापा, वर्ष छापा, बोटीची जागा तुटक रेघेनं दाखवा, जिल्ह्याच्या हद्दीपलीकडचा दहा किलोमीटरचा पट्टा दाखवा, आणि भरतीत बुडणारी वाट वेगळ्या रंगात काढा. माडाचं एक चित्र कमी केलं तर एवढी जागा सहज होईल.

आता प्रश्न घेऊ.