कप जिंकला की प्रश्न सुटतो?

आज आपण आयर्लंडमधल्या माध्यमिक शाळेबद्दल बोलणार आहोत, पण वर्गाबद्दल नाही. वर्ग सुटल्यावर मुलं जे करतात, म्हणजे खेळ, बँड, गॅदरिंग, त्याबद्दल. त्यासाठी एक सिनेमा आणि एक कादंबरी घेतली आहे. जॉन बटलरचा ‘हँडसम डेव्हिल’ २०१६चा, आणि पॉल मरेची ‘स्किपी डाइज’ २०१०ची.

आधी एक गोष्ट लक्षात घेऊ. तिकडे कॉलेजप्रवेश मुख्यतः लीव्हिंग सर्टिफिकेट या शेवटच्या परीक्षेच्या पॉइंटांवर ठरतो. जास्तीत जास्त ६२५. तुम्ही शाळेच्या संघाचे कप्तान असा की नाटकातले राजे, त्याचे पॉइंट शून्य. मग कुणालाही वाटेल की परीक्षेशी संबंध नाही म्हटल्यावर हा भाग तरी मोकळा असेल. हवं ते करा, नको ते सोडा.

तसं होत नाही. डब्लिनच्या फी घेणाऱ्या मुलांच्या शाळांत रग्बी हा नुसता खेळ नसतो, ती शाळेची ओळख असते. लेन्स्टर प्रांताचा शालेय सीनियर कप १८८७पासून खेळला जातो. सामना पंधरा पोरांचा, पण बाकीची शाळा स्टँडमध्ये बसून ओरडते, आणि माजी विद्यार्थीही येतात. ओरडायला शिकणं हाही तिथे एक उपक्रमच म्हणायचा!

‘हँडसम डेव्हिल’मधली निवासी शाळा अशीच. नेडला रग्बीचा तिटकारा आहे, त्यामुळे तो एकटा पडलेला. त्याच्या खोलीत येतो कॉनर, संघाचा नवा हिरा. नेड पहिल्या दिवशीच खोलीतलं सामान मध्ये रचून भिंत उभी करतो. हे दृश्य फार छान जमलं आहे. वसतिगृहात राहिलेल्या माणसाला ते समजावून सांगावं लागत नाही. पुढे इंग्रजीचे नवे शिक्षक शेरी (अँड्र्यू स्कॉटने हे काम किती हलक्या हाताने केलंय ते बघाच) दोघांना गिटार घेऊन एका स्पर्धेत उतरवतात आणि भिंत पडते. कॉनर समलिंगी आहे, हे त्याने लपवलेलं आहे. प्रशिक्षकाला गिटार खपत नाही. त्याचं म्हणणं एकच, इकडे ये नाहीतर तिकडे जा.

इथपर्यंत सिनेमा आपल्या बाजूचा आहे असं आम्हाला वाटत होतं. मग शेवट येतो. कॉनर निघून गेलेला असतो, त्याला परत आणलं जातं, संघ त्याच्या पाठीशी उभा राहतो, आणि ते कप जिंकतात. आमच्या गटात हा सिनेमा बघताना इथे टाळ्या पडल्या. आम्हीही वाजवल्या, खोटं कशाला बोला. नंतर चहा घेताना मात्र एकीने विचारलं, “आणि हरले असते तर?”

आमचं भांडण नेमकं इथे आहे. पाऊण सिनेमाभर आपल्याला सांगितलं जातं की या शाळेने एका कपापायी पोरांची वाट लावली आहे. आणि शेवटी न्याय मिळतो तोही त्याच कपातून. कॉनरला संघ स्वीकारतो, चांगलंच आहे. पण तो संघातला सर्वांत चांगला खेळाडू आहे. राखीव खेळाडूंच्या बाकावरचा, बॉल हातातून निसटणारा मुलगा असता तर? गिटारचं काय झालं, तेही सिनेमा मागे टाकून देतो. आयर्लंडने २०१५मध्ये सार्वमत घेऊन समलिंगी विवाहाला मान्यता दिली, आणि त्याच्या पुढच्याच वर्षी हा सिनेमा आला. त्या आनंदात गोड शेवट करावासा वाटला असेल, ते समजतं. तरी कॉनरचं निघून जाणं सिनेमाला फक्त अडचण वाटते, ते त्याचं उत्तरही असू शकतं हे सुचत नाही, ही मोठी उणीव आहे.

‘स्किपी डाइज’ बरोबर हाच धागा उचलते. नावातच सांगितलंय, स्किपी मरतो, आणि तोही सुरुवातीलाच, डोनटच्या दुकानात. मग कादंबरी मागे जाते. जाडजूड पुस्तक आहे, मधे मधे पसरटही आहे, पण सोडू नका. स्किपी शाळेच्या पोहण्याच्या संघात आहे आणि त्याला तो संघ सोडायचा आहे. बस, एवढीच त्याची मागणी. घरी आई आजारी आहे. मुलाचं पोहणं हा वडिलांना तेवढाच आधार. शाळेला पदकं हवीत. सगळे विचारतात, अरे का सोडतोस, किती छान पोहतोस! प्रत्येक जण प्रेमानेच विचारतो. खरं कारण पोहण्याच्या प्रशिक्षकाशी जोडलेलं आहे, त्याने केलेल्या अत्याचाराशी, आणि ते सांगायला चौदा वर्षांच्या पोराकडे शब्द नाहीत. पुढे ते उघड होऊ लागतं तेव्हा शाळा नाव राखायला धावते.

ही कल्पनेची भरारी नव्हती. धार्मिक संस्थांनी चालवलेल्या शाळांबद्दलचा एक सरकारी अहवाल सप्टेंबर २०२४मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ३०८ शाळांमधल्या लैंगिक अत्याचाराच्या २,३९५ तक्रारींची नोंद आहे. कादंबरी त्याच्या चौदा वर्षं आधीची.

मरेने आणखी एक प्रसंग घातलाय, त्यावर फारसं कुणी बोलत नाही. इतिहासाचा शिक्षक हॉवर्ड, तसा बुळाच माणूस, एक दिवस परवानगी न घेता पोरांना पहिल्या महायुद्धाच्या स्मारकाच्या बागेत घेऊन जातो. ना स्पर्धा, ना पदक. पोरं पहिल्यांदाच मन लावून ऐकतात. शाळा त्याच्यावर कारवाई करते. आता ताळा बघा: पोहण्याचा संघ शाळेला मान्य, बागेतली सहल अमान्य.

जॉन कार्नीच्या ‘सिंग स्ट्रीट’बद्दल कुणीतरी विचारणारच, म्हणून एवढंच. तोही २०१६चा, काळ १९८५चा. तिथला बँड शाळेने काढलेला नाही, पोरांनी आपला आपण काढलाय. म्हणून त्यांना तो पाहिजे तसा मोडता-जोडता येतो, आणि नायक शेवटी आजोबांची होडी घेऊन समुद्रात जातो तेव्हा त्याला अडवायला कुठला प्रशिक्षक येत नाही. गोष्ट परीकथेसारखी आहे, पण या एका बाबतीत ती ‘हँडसम डेव्हिल’पेक्षा प्रामाणिक आहे.

त्या चहाच्या वेळच्या प्रश्नावर आमच्यात अजून एकमत नाही. काहींचं म्हणणं, हरलेला शेवट कुणी बघितला नसता. असेल. पण स्किपीचं पुस्तक लोकांनी वाचलंच ना, आणि त्यात तर पहिल्या काही पानांतच सगळं हरून झालेलं असतं. चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.