आवडीचें वाचन आणि घडता लेखक

लेखक जन्मावा लागतो कीं तो घडवितां येतो, हा वाद जुना आहे व तो मिटण्याचीं चिन्हें नाहींत. परंतु घडत्या लेखकानें काय वाचावें, ह्याविषयीं आपल्या सुशिक्षित घरांतून फारसा मतभेद आढळत नाहीं. मुलानें ‘चांगलें’ वाचावें, हलकेंसलकें वाचूं नये, एवढ्यावर सर्वांचें एकमत असतें. अंधेरीपासून मुलुंडपर्यंतचे जे पालक अध्यापकाच्या नात्यानें मला भेटतात, त्यांची तक्रारही बहुधा हीच असते: मुलगा सदा विनोद नाहीं तर रहस्यकथाच वाचतो, त्याच्या हातून पुढें कांहीं लेखन कसें व्हावें? ह्या तक्रारींत तथ्य किती, हें ह्याच उपनगरांत वाढलेल्या एका लेखकाच्या उदाहरणावरून तपासून पाहणें उद्बोधक होईल.

पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे ह्यांचा जन्म १९१९ चा. त्यांचें बालपण जोगेश्वरी व विलेपार्लें येथें गेलें. पार्ले टिळक विद्यालय ही त्यांची शाळा, व जोगेश्वरीचें इस्माइल युसुफ हें त्यांचें पहिलें कॉलेज. त्यांचे मातामह वामन मंगेश दुभाषी ‘ऋग्वेदी’ ह्या नांवानें लिहीत, व रवींद्रनाथांच्या ‘गीतांजली’ला त्यांनीं ‘अभंग गीतांजली’चें मराठी रूप दिलें होतें. म्हणजे बंगालचा कवि ह्या घरांत आला तो अभंगाच्या चालीवर. त्याच्या जोडीला हार्मोनियम होती, नाटकाची पदें होतीं, आणि राम गणेश गडकऱ्यांविषयींची अपार भक्ति होती. पुढें वुडहाऊसची गोडी लागली. ह्या यादींत पालकांच्या दृष्टीनें ‘भारदस्त’ म्हणावें असें फारच थोडें आहे!

आतां ह्या आवडींचें लेखनांत काय झालें तें पाहूं. मराठी विनोदाची जी परंपरा श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनीं ‘सुदाम्याचे पोहे’मध्यें घातली व गडकऱ्यांनीं ‘बाळकरामा’च्या रूपानें पुढें चालविली, तिचा आधार कोटि व कल्पना हा होता. १९४९ मधील ‘खोगीरभरती’ वाचतांना तरुण लेखक ह्या गुरुगृहांतून नुकताच बाहेर पडला आहे हें तेव्हांच ध्यानांत येतें. शब्दावर शब्द आपटून ठिणगी पाडण्याची हौस त्यांत ठायीं ठायीं आहे. परंतु १९५८ मध्यें ‘बटाट्याची चाळ’ येते, आणि चित्र पालटतें. कोल्हटकरांचे सुदामा, बंडूनाना व पांडुतात्या हे समाजाच्या वेडगळ समजुतींना झोडपण्यासाठीं उभे केलेले नमुने होते. त्यांच्या घरची चूल पेटते कीं नाहीं, ह्याची चौकशी आपण करीत नाहीं. चाळींतील अण्णा पावशे किंवा सोकरजी त्रिलोकेकर हेही आरंभीं नमुनेच वाटतात; पण हळूहळू त्यांच्या तुटपुंज्या पगाराची व लहानशा हौसेची आपणांस काळजी वाटूं लागते. शेवटच्या चिंतनांत तर हंसणाऱ्या वाचकाचा कंठ दाटून येतो. गुरूचें शस्त्र तेंच आहे. फक्त तें उगारणाऱ्या हाताला माया फुटली आहे.

ही माया कोठून आली? माझ्या मतें ती त्या वाचनाच्या रीतींतूनच आली. हें वाचन डोळ्यांनीं झालेलें नाहीं, कानांनीं झालेलें आहे. अभंग, पदें व नाटकांतील भाषणें हीं मोठ्यानें म्हणावयाचीं असतात. आणि जो मोठ्यानें म्हणतो त्याला दुसऱ्याच्या तोंडचे शब्द कांहीं काळ आपल्या तोंडांत वागवावे लागतात. पात्राच्या ठिकाणीं स्वतःस ठेवण्याचा हा सराव पुढें ‘व्यक्ति आणि वल्ली’मध्यें फळास आला. ह्या पुस्तकास १९६५ सालीं साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. त्यांतील हरितात्या, अंतू बर्वा, पेस्तनकाका ह्यांपैकीं प्रत्येकाची मराठी निराळी आहे, आणि ती ऐकूं येते.

परंतु आवड जें देते त्याची किंमतही ती वसूल करते. रंगभूमीच्या ओढीमुळें देशपांड्यांच्या गद्यासमोर सदैव एक भरलेलें सभागृह असतें. वाक्य संपण्यापूर्वींच हंशाची जागा राखून ठेविलेली असते. एकांतांत, कोणाचीही दाद न घेतां, एखाद्या कटु विचाराचा शेवटपर्यंत पाठलाग करावा, हें त्यांच्या हातून क्वचितच घडतें. हेमिंग्वेसारख्या मितभाषी लेखकाची कादंबरी त्यांनीं १९६५ मध्यें ‘एका कोळियानें’ ह्या नांवानें मराठींत आणली, ती जणूं आपल्या स्वभावांत नसलेलें कांहीं हस्तगत करण्यासाठींच, असें मला वाटतें. वयाच्या पन्नाशीच्या सुमारास शांतिनिकेतनांत जाऊन ते बंगाली शिकले. तेव्हां आजोबांच्या अभंगांतून भेटलेला कवि त्यांनीं मूळ भाषेंत गांठला. खऱ्या वाचकाची आवड अशी स्वतःहूनच रुंदावत जाते.

ह्याच्या उलट चित्रही देशपांड्यांनींच रंगविलें आहे. त्यांचा सखाराम गटणे हा वाचनाचा आदर्श विद्यार्थी. तो व्यासंगी आहे, विनयी आहे, आणि बोलतो तें छापील बोलतो. त्यानें उत्तम तेंच वाचलें; पण त्यांतलें एकही वाक्य त्याच्या स्वतःच्या आवाजांत उमटलें नाहीं. आपण गटण्यास हंसतों, परंतु गटणे घडवितो कोण? मुलाच्या हातून आवडतें पुस्तक काढून तेथें शिफारशीचें पुस्तक ठेवणारे आपणच ना?

म्हणून पालकांस माझें सांगणें एवढेंच कीं, मुलगा काय वाचतो ह्यापेक्षां कसें वाचतो इकडे लक्ष द्यावें. रहस्यकथा वाचणाऱ्याला रचना कळते, विनोद वाचणाऱ्याला शब्दांचें वजन कळतें. मात्र तें वाचन घरांत मोठ्यानें व्हावें, त्यावर बोलणें व्हावें, आणि एका आवडींतून दुसरीकडे जाण्यास घरच्या कपाटांत वाट असावी. आज उपनगरांतील कित्येक घरांत मुलें इंग्रजी वाचतात व मराठी केवळ ऐकतात. ह्या मुलांना मराठीचा कान तरी राहावा असें वाटत असेल, तर रात्रीं जेवणें झाल्यावर चार पानें मोठ्यानें वाचण्याइतका सोपा उपाय दुसरा नाहीं. त्यांतून लेखक निपजेलच असें नाहीं. पण गटणे मात्र खास निपजणार नाहीं.