चालढकल नेमकी कशाची?

इन्स्टाग्रामवरची स्टोइक विचारांची रील्स पाहिली की वाटतं, हे रोमन तत्त्ववेत्ते एखाद्या कंपनीच्या एचआरमध्ये नोकरीला होते की काय! संगमरवरी पुतळा, मागे गंभीर संगीत आणि संदेश ठरलेला : आळस झटका, पहाटे उठा, टार्गेट गाठा. चालढकलीवरचा उतारा म्हणून सेनेकाचा 'आयुष्याच्या अल्पतेविषयी' हा छोटा ग्रंथही हमखास सुचवला जातो.

हा ग्रंथ लिहिलाय पॉलिनसला उद्देशून. हा पॉलिनस आळशी नव्हता. रोम शहराच्या धान्यपुरवठ्याची जबाबदारी त्याच्याकडे होती. म्हणजे त्याने काम टाळलं तर लोक उपाशी राहणार. अशा माणसाला सेनेका 'आणखी नेटाने कामाला लाग' असं सांगत नाही. तो म्हणतो, पद सोड आणि उरलेलं आयुष्य स्वतःच्या ताब्यात घे.

सेनेकाची खरी तक्रार आहे ती पन्नाशीत निवांत होऊ, साठीत मोकळे होऊ, असं म्हणत राबत राहणाऱ्यांबद्दल. आपल्याकडे याचीच रूपं म्हणजे 'अप्रेझल होऊ दे, मग बघू' आणि 'होम लोन फिटू दे, मग जगू'. एकही डेडलाइन न चुकवता अख्खं आयुष्य पुढे ढकलता येतं. रील्समधून नेमकी हीच गोष्ट गाळली जाते.

अर्थात सेनेकाचा सल्लाही जसाच्या तसा घेता येत नाही. तो स्वतः गडगंज श्रीमंत होता, सम्राट नीरोचा सल्लागार होता. ज्याचा पगार सात तारखेला संपतो त्याने राजीनामा कसा द्यायचा, याचं उत्तर या ग्रंथात नाही. खुद्द सेनेकालाही सुटका सोपी गेली नाही. इ.स. 62मध्ये त्याने निवृत्ती मागितली, ती नीरोने नाकारली; आणि 65मध्ये नीरोच्याच हुकमाने त्याला स्वतःचा जीव घ्यावा लागला.

म्हणून नोकरदाराने सेनेकासोबत एपिक्टेटसही वाचावा. हा एकेकाळी गुलाम होता, त्यामुळे 'सोडून दे' हा सल्ला किती पोकळ असू शकतो हे त्याला ठाऊक असणार. त्याच्या शिकवणुकीची जी पुस्तिका शिष्य आरियनने तयार केली, तिच्या सुरुवातीलाच दोन याद्या आहेत : आपल्या हातातलं आणि हाताबाहेरचं. संपत्ती, लौकिक आणि पद या तिन्ही गोष्टी दुसऱ्या यादीत येतात.

ऑफिसातली बरीचशी चालढकल आळसातून येत नाही. बॉस काय म्हणेल या धास्तीने आपण प्रेझेंटेशनची फाइल उघडतच नाही. बॉसचं मत हाताबाहेरच्या यादीत टाकलं, तर उरते फक्त फाइल. ती आज उघडता येते. आणि ती संपवून वेळेवर घरी निघालात, की पुढचा प्रश्न सेनेकाचा : हा वाचलेला तास कुणाचा, तुमचा की पुढच्या टार्गेटचा?