मेन स्ट्रीट

अमेरिकन कादंबरीकार सिंक्लेअर ल्यूइस (१८८५–१९५१) ह्याची कादंबरी (१९२०). मिनेसोटा राज्यातील गोफर प्रेअरी ह्या काल्पनिक गावात ती घडते. ल्यूइसचे जन्मगाव सॉक सेंटर हा त्याचा आधार होय. सेंट पॉल येथे ग्रंथपालाचे काम केलेली कॅरल ही तरुणी डॉ. विल केनिकट ह्याच्याशी विवाह करून येथे येते. गाव सुधारण्याचे तिचे प्रयत्न फसतात. मुलासह ती वॉशिंग्टनला जाते आणि काही काळाने परतते.

कार्ल व्हॅन डोरेन ह्या समीक्षकाने १९२१ मध्ये ‘खेड्याविरुद्धचे बंड’ असे जे वर्णन रूढ केले, त्यात ही कादंबरी प्रमुख मानली जाते. ते अपुरे आहे. गोफर प्रेअरी हे खेडे नव्हे. गहू पिकविणारे शेतकरी आणि मिनीॲपोलिससारखी महानगरे ह्यांच्या मध्ये बसलेले ते बाजाराचे गाव आहे. १९२० च्या जनगणनेत अमेरिकेची नागरी लोकसंख्या प्रथमच ग्रामीण लोकसंख्येहून अधिक भरली, तीही अडीच हजार वस्तीची गावे नागरी धरून. तेव्हा अशी गावे शहरांच्याच बाजूस मोजली गेली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

प्रारंभीचे एक प्रकरण ह्या दृष्टीने सर्वांत समर्थ आहे. एकाच दिवशी कॅरल आणि शेतावरून मोलकरणीचे काम शोधण्यास आलेली बी सोरेन्सन गावचा हमरस्ता पाहतात. कॅरलला दिसतात कळकट दुकाने. बीला तीच दुकाने अपूर्वाईची वाटतात. पुढे बी विषमज्वराने मरणपंथास लागते, तेव्हा कोठे गावातील प्रतिष्ठित स्त्रिया तिच्या दाराशी येतात.

गाव शेतकऱ्यावर जगते आणि त्यालाच हिणवते, हा विरोध ल्यूइसने नेमका हेरला. शेतकऱ्यांच्या राजकीय चळवळीच्या प्रचारकास हुसकून लावले जाते, त्याचे केनिकट समर्थन करतो आणि त्यावरून पतिपत्नींत कडाक्याचे भांडण होते. तोच केनिकट रात्री दिव्याच्या उजेडात एका शेतकऱ्याचा हात कापून त्याचा जीव वाचवितो. हे पात्र उपहासाच्या पकडीतून निसटते आणि म्हणूनच जिवंत वाटते. उलट तपशिलांची पुनरावृत्ती कित्येक ठिकाणी कंटाळवाणी होते. शेतकरीही बहुधा कॅरलच्या किंवा डॉक्टरच्या नजरेतूनच दिसतो, त्याच्या घरात कादंबरी फारशी थांबत नाही.