अवाजवी नुकसानभरपाई आणि वादीची संमती

ज्युरीने दिलेली नुकसानभरपाई पुराव्याच्या मानाने अवाजवी ठरल्यास अमेरिकेतील फेडरल न्यायाधीश वादीपुढे दोन पर्याय ठेवतो : जादा रक्कम सोडून द्यावी, अथवा फेरसुनावणी पत्करावी. या पद्धतीस ‘रेमिटिटर’ म्हणतात. तिचा उगम न्यायमूर्ती स्टोरी यांच्या १८२२ मधील ‘ब्लंट विरुद्ध लिटल’ या निर्णयात सापडतो. परंतु ज्युरीने निश्चित केलेल्या गोष्टींचा फेरविचार कॉमन लॉच्या नियमांनुसारच व्हावा, असे १७९१ ची सातवी घटनादुरुस्ती सांगते. मग या कपातीस आधार कोणता?

‘डिमिक विरुद्ध शीड्ट’ (१९३५) या खटल्यात ज्युरीने ५०० डॉलर दिले होते. प्रतिवादीच्या संमतीने न्यायाधीशाने ते १५०० केले. सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी ही वाढ घटनाबाह्य ठरविली. कपात मात्र दीर्घकालीन प्रघात म्हणून कायम ठेवली. कमी केलेली रक्कम मूळ निवाड्यात अंतर्भूतच असते, वाढीव रक्कम तशी नसते, हे त्यामागील समर्थन होय. ते अंकगणिताच्या दृष्टीने निर्दोष आहे. न्यायाच्या दृष्टीने नाही. कमी रक्कम योग्य आहे, असे ज्युरीने कधीच म्हटलेले नसते. म्हणून कपातीचा खरा आधार वादीची संमती हाच उरतो. १९९८ च्या ‘हेत्झेल’ निर्णयाने फेरसुनावणीचा पर्याय दिल्यावाचून रक्कम घटविता येत नाही, असे ठरवून हेच अधोरेखित केले.

ही संमती कितपत स्वतंत्र असते? ‘डोनोव्हन विरुद्ध पेन शिपिंग’ (१९७७) या खटल्यात ९०,००० डॉलरमधून २५,००० सोडण्यास वादीने निषेध नोंदवून मान्यता दिली. त्यास अपील करता येणार नाही, असे सुप्रीम कोर्टाने सांगितले. नव्या खटल्याचा खर्च, विलंब आणि अनिश्चितता यांच्या दडपणाखाली दिलेला होकार पुढे त्याच्यावरच बंधनकारक ठरतो.

तथापि, रेमिटिटर टाकाऊ ठरवावे, असा याचा अर्थ नव्हे. बेसुमार निवाड्यापासून प्रतिवादीचे रक्षण करणे आवश्यकच आहे, आणि दर वेळी नवी ज्युरी बसविणे कोणाच्याच हिताचे नाही. प्रश्न कपात कोठे थांबावी, एवढाच आहे. न्यायाधीशाने स्वतःस उचित वाटणारी रक्कम ठरविल्यास तो ज्युरीचे आसनच बळकावतो. याउलट, पुराव्यावरून समर्थनीय ठरेल अशा कमाल रकमेपर्यंतच कपात करण्याचा काही न्यायालयांनी स्वीकारलेला नियम ज्युरीच्या कौलास शक्य तितका जपतो. ‘डिमिक’मधील अंतर्भावाच्या युक्तिवादास काही अर्थ उरावयाचा असेल, तर तो याच नियमाच्या मर्यादेत उरतो.